पायरीचे मार्क : कार्ल रुंगे (१८५६–१९२७)

स्मरणिकेसाठी प्रत्येकाने आपापल्या व्यवसायाविषयी लिहावे, पण ते सगळ्यांना कळावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला आणि मी अडचणीत पडलो. आपल्या वर्गात डॉक्टर आहेत, वकील आहेत, शेतीत नाव कमावलेले आहेत. त्यांच्याकडे सांगण्यासारखे किस्से असतात. माझे सारे आयुष्य रसायनांच्या कारखान्यांत गेले आणि तेही बहुतेक कागदावर. बंद लोखंडी नळीच्या आत काय चालले असेल, याचा हिशेब मांडणे हे माझे काम. त्यात सांगण्यासारखे काय असणार? मग वाटले, हा हिशेब ज्याच्या पद्धतीने होतो त्या माणसाचेच चरित्र लिहावे. आपल्या पाठ्यपुस्तकात त्याचे नाव कधी आले नाही. पण त्याची शिस्त मात्र आपल्या गणिताच्या बाईंनी आपल्याला लावली होती. आठवत असेल, उत्तर चुकले तरी बाई पायऱ्यांचे मार्क देत, आणि पायऱ्या गाळून उत्तर बरोबर आणले तर अर्धा मार्क कापत. त्या अर्ध्या मार्कावरून मी त्यांच्याशी वाद घातला होता, हेही काहींना आठवत असेल.

त्या माणसाचे नाव कार्ल डेव्हिड टोल्मे रुंगे. जन्म ३० ऑगस्ट १८५६, जर्मनीतल्या ब्रेमेन या बंदराच्या शहरात. वडील व्यापारी होते आणि क्यूबातल्या हवाना शहरात डेन्मार्कचे वाणिज्यदूत होते. आई इंग्रज घराण्यातली. त्यामुळे कार्लचे अगदी लहानपण हवानात गेले आणि घरात इंग्रजी बोलली जाई. पुढे कुटुंब ब्रेमेनला परतले आणि थोड्याच काळात वडील वारले. थोरले भाऊ व्यापारात शिरले. कार्ल मात्र अभ्यासाकडे वळला.

शाळा संपल्यावर एकोणिसाव्या वर्षी तो आईबरोबर सहा महिने इटलीत हिंडला आणि १८७६ मध्ये म्युनिकच्या विद्यापीठात साहित्य शिकायला दाखल झाला. साहित्याचा अभ्यास जेमतेम सहा आठवडे टिकला. मग त्याने नाव बदलून गणित आणि भौतिकशास्त्रात घातले. म्युनिकमध्येच माक्स प्लांक या त्याच्याहून दोन वर्षांनी लहान विद्यार्थ्याशी त्याची मैत्री जमली. हेच प्लांक पुढे क्वांटम सिद्धांताचे जनक ठरले. ही मैत्री जन्मभर टिकली. आपल्या या स्नेहमेळाव्याच्या निमित्ताने हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

१८७७ मध्ये रुंगे बर्लिनला गेले. तिथे त्यांना कार्ल वायरस्ट्रास हे गुरू लाभले. वायरस्ट्रास म्हणजे काटेकोरपणाचा पुतळा. चित्र काढून, अंदाजाने, साधारण असे दिसते म्हणून काहीही मान्य करायचे नाही. प्रत्येक विधान सिद्ध झालेच पाहिजे, ही त्यांची रीत. १८८० मध्ये रुंगे यांना डॉक्टरेट मिळाली आणि १८८५ मध्ये त्यांनी शुद्ध गणितात आजही त्यांच्या नावाने शिकवला जाणारा एक सिद्धांत दिला. वय अजून तिशीच्या आत. त्याच वाटेने ते चालत राहिले असते, तर बर्लिनच्या परंपरेतले एक मानाचे गणिती म्हणून त्यांचे नाव राहिले असते.

पण १८८६ मध्ये ते हॅनोव्हरच्या तंत्रशिक्षण महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि समोरचे विद्यार्थी बदलले. हे भावी इंजिनिअर होते. त्यांना समीकरणाला उत्तर आहे, एवढी सिद्धता पुरत नव्हती. उत्तर किती, हा त्यांचा प्रश्न असे. पूल बांधायचा तर तुळई किती वाकेल, हे आकड्यात हवे. पुढच्या वर्षी रुंगे यांचे लग्न झाले. पत्नी एमे ही बर्लिनचे प्रसिद्ध शरीरक्रियाशास्त्रज्ञ एमिल द्यु ब्वा-रेमाँ यांची कन्या. चार मुली आणि दोन मुलगे असा संसार झाला.

हॅनोव्हरला हाइनरिश कायझर हे भौतिकशास्त्रज्ञ सहकारी होते. मूलद्रव्य तापवले की त्याच्या प्रकाशात ठरावीक रंगांच्या बारीक रेषा दिसतात, हे आपण बारावीच्या प्रयोगशाळेत पाहिले आहे. १८८५ मध्ये योहान बाल्मर या स्वित्झर्लंडमधल्या शाळाशिक्षकाने हायड्रोजनच्या रेषांना एक साधे सूत्र लावून दाखवले होते. बाकीच्या मूलद्रव्यांचे काय, हा प्रश्न रुंगे आणि कायझर यांनी हाती घेतला. वर्षानुवर्षे त्यांनी रेषांचे फोटो घेतले, तरंगलांबी मोजल्या, तक्ते भरले. बर्लिनचा गणिती आता काचेच्या फोटोपट्टीवर वाकून दशांश चिन्हानंतरचे आकडे मोजत बसला होता. शुद्ध गणिताची प्रतिष्ठा मोठी असण्याचा तो काळ. असल्या आकडेमोडीला गणितात वरचे पान मिळत नसे. रुंगे यांनी त्याची पर्वा केलेली दिसत नाही.

१८९५ मध्ये पृथ्वीवर पहिल्यांदाच हेलियम वायू हाती लागला. रुंगे आणि त्यांचे तरुण सहकारी फ्रीडरिश पाशेन यांनी त्याच्या रेषा लगेच मोजल्या. रेषांचे दोन वेगळे संच दिसले, म्हणून हे दोन वायूंचे मिश्रण असावे असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो चुकीचा ठरला. वायू एकच होता, आणि दोन संच का पडतात याचा उलगडा १९२६ मध्ये क्वांटम यांत्रिकीने केला. पण मोजमाप बरोबर होते, म्हणूनच तीस वर्षांनंतर त्याचा उपयोग झाला. बाईंच्या भाषेत सांगायचे, तर उत्तर चुकले आणि पायऱ्यांचे मार्क मिळाले.

त्याच १८९५ साली रुंगे यांनी एका गणिती नियतकालिकात बारा पानांचा एक निबंध छापला. माझे पोट ज्यावर चालले तो हा निबंध. विषय होता डिफरन्शियल समीकरणे आकड्यांनी सोडवण्याचा. एखादी गोष्ट या क्षणी किती वेगाने बदलते आहे, एवढेच अशा समीकरणात माहीत असते. त्यावरून ती पुढे किती होईल, हे काढायचे असते. कॉलेजात आपण जी समीकरणे सोडवली ती निवडक, सूत्राने सुटणारी. खऱ्या कामातली बहुतेक समीकरणे सूत्राने सुटत नाहीत. ती पायरी पायरीने चालूनच सोडवावी लागतात.

अशी पायरी कशी टाकायची, हे अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर यांनी सांगून ठेवले होते. आत्ताचा वेग पाहायचा, तोच पुढच्या पायरीभर राहील असे धरायचे आणि पुढे जायचे. यात खोट अशी की मध्येच वेग बदलतो. अंधारात घाट उतरताना पायाखालचा उतार पाहून डोळे मिटून दहा पावले टाकण्यासारखे ते आहे. रुंगे म्हणाले, आधी मनातल्या मनात अर्धीच पायरी टाका, तिथला उतार पाहा, परत मागे या आणि मग त्या मधल्या उताराने पूर्ण पायरी टाका.

एक छोटे उदाहरण घेऊ. समजा १ रुपया अशा रीतीने वाढतो आहे की कोणत्याही क्षणी त्याच्या वाढीचा वेग त्या क्षणी असलेल्या रकमेएवढाच असतो. वर्षाअखेर किती होईल? खरे उत्तर २.७१८ रुपये. एकाच पायरीत ऑयलरच्या रीतीने उत्तर येते २. रुंगे यांच्या रीतीने सहामाहीला अंदाजे दीड रुपया होतो, म्हणून वर्षभराचा वेग दीड धरायचा, आणि उत्तर येते २.५. पुढे १९०० मध्ये कार्ल हॉइन आणि १९०१ मध्ये मार्टिन कुट्टा यांनी ही कल्पना वाढवली. कुट्टा यांची चार ठिकाणी वेग पाहणारी रीत त्याच एका पायरीत २.७०८ देते. आज जगभर रुंगे-कुट्टा या जोडनावाने ती शिकवली जाते.

रुंगे यांच्या रीतीबरोबर एक सवयही आली आणि मला ती रीतीपेक्षा मोलाची वाटते. उत्तर आले की पायरी अर्धी करायची आणि सगळे गणित पुन्हा करायचे. दोन उत्तरे जुळली तर विश्वास ठेवायचा. जुळली नाहीत, तर फरक किती यावरूनच आपली चूक केवढी आहे याचा अंदाज घ्यायचा. खरे उत्तर कुणालाच माहीत नसताना स्वतःची चूक स्वतःच मोजण्याचा हा मार्ग आहे.

आता माझ्या नळीकडे येतो. उत्प्रेरकाच्या गोळ्या ठासून भरलेल्या नळीला पॅक्ड बेड रिअ‍ॅक्टर म्हणतात. माझी पहिली नोकरी थॅलिक अ‍ॅनहायड्राइड बनवणाऱ्या एका कारखान्यात होती. वायरीवरचे मऊ प्लास्टिक आणि भिंतीचे रंग यांच्यामागे हे रसायन असते. ऑर्थोझायलिनची वाफ हवेबरोबर इंचभर जाडीच्या, सुमारे ३ मीटर लांबीच्या हजारो उभ्या नळ्यांतून सोडतात. नळ्यांत व्हॅनेडियमचा उत्प्रेरक, बाहेरून उष्णता ओढून घ्यायला वितळलेले क्षार फिरत असतात. आत एकाच वेळी तीन अभिक्रिया चालतात. पहिलीत झायलिनचे आपल्याला हवे ते अ‍ॅनहायड्राइड होते. दुसरीत तयार झालेले अ‍ॅनहायड्राइडच जळून कार्बनचे वायू होतात. तिसरीत झायलिन थेट जळून जाते. पहिली अभिक्रिया पुष्कळ उष्णता देते, पण झायलिन पूर्ण जळाले तर त्याच्या साडेतीन पट उष्णता निघते. आणि तापमान वाढले की तिन्हींचा वेग वाढतो, वेग वाढला की उष्णता आणखी वाढते.

म्हणजे हिशेब एका समीकरणाचा नाही. झायलिन किती उरले, अ‍ॅनहायड्राइड किती झाले, तापमान किती, गोळ्यांतून वाट काढताना दाब किती घटला, ही सगळी समीकरणे एकमेकांत गुंतलेली. एकाला पुढे नेताना बाकीची थांबत नाहीत. नळीच्या तोंडापासून सुरुवात करायची आणि सगळ्यांना हाताला धरून एकेक पायरी खाली उतरायचे. शाळेच्या सहलीत दोरी धरून रस्ता ओलांडायचो, तसे.

मी नवा होतो. संगणकावर प्रोग्रॅम लिहिला, तोही ऑयलरच्या सोप्या रीतीने आणि दहा-दहा सेंटिमीटरच्या पायऱ्यांनी. नळीच्या पहिल्या मीटरभरात तापमानाचा एक उंचवटा येतो, त्याला हॉट स्पॉट म्हणतात. माझ्या हिशेबात तो बुटका आला. मी उत्साहाने अहवाल दिला की क्षारांचे तापमान चार अंशांनी वाढवायला हरकत नाही, उत्पादन वाढेल. अहवाल वर गेला, मंजुरीच्या वाटेवर लागला.

शिफ्टवर एक जुने ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांनी माझा आलेख पाहिला आणि आपली वही आणली. नळीत वरखाली सरकवायच्या थर्मोकपलचे आकडे ते रोज त्या वहीत हाताने लिहीत. त्यांच्या वहीतला उंचवटा माझ्यापेक्षा बराच उंच आणि अरुंद होता. ते रागावले नाहीत. साहेब, एकदा परत बघा, एवढेच म्हणाले. मी पायरी अर्धी केली. उत्तर बदलले. पुन्हा अर्धी केली, पुन्हा बदलले. माझ्या दहा सेंटिमीटरच्या ढांगेने उंचवट्याचे टोकच ओलांडले होते. मग रुंगे-कुट्टाच्या रीतीने, बारीक पायऱ्यांनी केले, तेव्हा उत्तर स्थिरावले आणि मामांच्या वहीशी जुळले. त्यानंतर मी सुचवलेले चार अंश घालून पाहिले. तापमानाची रेघ वर गेली आणि खाली आलीच नाही. प्रत्यक्षात तसे झाले असते तर निदान उत्प्रेरक जळाला असता, आणि नळ्यांच्या माथ्यावरच्या प्लॅटफॉर्मवर मामाच उभे असत.

अहवाल मी स्वतः जाऊन परत घेतला. त्या रात्री मला आपल्या वर्गातला फळा दिसत होता.

पुढे त्याच वहीतल्या सारख्या अंतरांवरच्या आकड्यांमधून एक सुबक वक्र काढायला गेलो. जितके बिंदू तितके मोठे बहुपद घेतले, म्हणजे वक्र प्रत्येक बिंदूतून जाईल. तो प्रत्येक बिंदूतून गेला खरा, पण नळीच्या दोन्ही टोकांना सापासारखा वळवळू लागला. शोधले तेव्हा कळले, हेही रुंगे यांनी १९०१ मध्येच दाखवून ठेवले आहे. सारख्या अंतरावर जास्त बिंदू घेऊन मोठे बहुपद बसवले की कडेला चूक कमी होण्याऐवजी वाढते. बिंदू कडेला दाट आणि मध्ये विरळ घ्यावेत, हा त्यावरचा उपाय. रिअ‍ॅक्टरचा हिशेब करणाऱ्यांनी १९६७ नंतर अशाच असमान बिंदूंवर आधारलेली एक पद्धत उचलली, आणि नळीच्या मध्यापासून भिंतीपर्यंत तापमान कसे उतरते हे काढायला ती आजही वापरतात.

रुंगे यांची रीत सगळीकडे पुरते असे मात्र नाही. एक अभिक्रिया क्षणात संपणारी आणि दुसरी रेंगाळणारी असेल, तर वेगवान अभिक्रियेपायी पायरी इतकी बारीक घ्यावी लागते की गणित पुढे सरकतच नाही. अशा हट्टी समीकरणांसाठी कर्टिस आणि हर्शफेल्डर यांनी १९५२ मध्ये वेगळी वाट दाखवली. त्यांनाही हा प्रश्न रासायनिक अभिक्रियांच्या अभ्यासातच भेटला होता.

रुंगे यांच्या कामाला मानाचे स्थान मिळाले ते १९०४ मध्ये. फेलिक्स क्लाइन यांनी त्यांना ग्यॉटिंगेनला बोलावले आणि उपयोजित गणिताचे जर्मनीतले पहिले प्राध्यापकपद त्यांना दिले. ग्यॉटिंगेन म्हणजे तेव्हाची गणिताची पंढरी. तिथे शुद्ध गणिताचे दिग्गज बसलेले असताना रुंगे विद्यार्थ्यांना स्लाइडरूल, आकडेमोडीची यंत्रे आणि आलेख वापरायला शिकवत. उत्तर काढायचेच आणि ते किती अंकांपर्यंत खरे आहे हेही सांगायचे, असा त्यांचा आग्रह असे. हवेच्या आणि पाण्याच्या प्रवाहांचे शास्त्र उभे करणारे लुडविग प्रांट्ल हेही त्याच वर्षी हॅनोव्हरहून तिथे आले. १९०९–१० मध्ये रुंगे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकवायला गेले. तिथल्या व्याख्यानांचे, आलेखांच्या पद्धतींवरचे पुस्तक पुढे छापून आले.

पहिल्या महायुद्धाने त्यांच्या घरावरही घाव घातला. एक मुलगा कामी आला. दुसरा मुलगा विल्हेल्म पुढे जर्मनीत रडारच्या आद्य संशोधकांपैकी एक झाला. मुलगी इरिस हिने दिव्यांच्या आणि रेडिओच्या कारखान्यांत गणित वापरले, मालाच्या गुणवत्तेची तपासणी आकड्यांनी कशी करावी यावर काम केले आणि वडिलांचे चरित्रही लिहिले. आणखी एका मुलीचे लग्न रिशार्ड कूरांट यांच्याशी झाले. समीकरणे आकड्यांनी सोडवण्याच्या शास्त्रात सासऱ्यांइतकेच जावयाचेही नाव आज घेतले जाते.

१९२५ मध्ये रुंगे निवृत्त झाले. शरीराने ते अखेरपर्यंत काटक होते. सत्तराव्या वाढदिवशी, १९२६ च्या ऑगस्टमध्ये, त्यांनी नातवंडांना हातांवर उभे राहून दाखवले. आपल्यापैकी ज्यांचे गुडघे आता जिने मोजायला लागले आहेत, त्यांनी याची नोंद घ्यावी. त्यानंतर काही महिन्यांतच, ३ जानेवारी १९२७ रोजी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. चंद्रावरच्या एका विवराला आज त्यांचे नाव आहे.

रुंगे यांनी पॅक्ड बेड रिअ‍ॅक्टर पाहिला होता की नाही, याने फरक पडत नाही. पाणबुड्यांचे, उपग्रहांचे, साथीच्या रोगांचे आणि माझ्या नळीचे गणित त्यांच्या पायऱ्यांवरून उतरते. संगणक आता एका सेकंदात लाखो पायऱ्या टाकतो. पण पायरी अर्धी करून पुन्हा बघ, हे त्याला सांगावे लागते. सांगणारा माणूस विसरला, तर संगणक चुकीचे उत्तरही सुबक अक्षरात छापून देतो. गेली अनेक वर्षे माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या मुलाला आणि मुलीला मी पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगत आलो. पायरी अर्धी करा, आणि शिफ्टवरच्या माणसाची वही बघा.

बाई मेळाव्याला येणार आहेत असे कळले. व्यासपीठावर बोलायची माझी तयारी नाही, म्हणून इथेच लिहून ठेवतो. बाई, तो अर्धा मार्क तुम्ही कापला ते बरोबरच होते.